भाजलेला बंपर

एका माणसाचा परदेशातून आलेला युरेथेनचा बंपर मी भट्टीत घातला आणि त्याचं वाटोळं केलं. भट्टी बिघडलेली नव्हती, उष्णतेचा काटा खोटा दाखवत नव्हता, वीज गेली-आली नव्हती. कुणी मला फसवलंही नव्हतं. उलट ज्याचा बंपर होता त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "मामा, रबरावानी माल हाये, जरा जपून." त्यावर मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण आमच्या गॅरेजातला हबीबभाई चहाच्या टपरीवर अजून त्याची नक्कल करून दाखवतो. मी म्हणालो, "मंगेशराव, मी लोखंड भाजून खाल्लंय. तुमचं रबर काय घेऊन बसलात?"

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कामातला अभिमानाचा एखादा प्रसंग लिहायला सांगितलाय. असले प्रसंग माझ्याकडं असतील, पण ते मलाच नीट आठवत नाहीत. फजिती मात्र चिकलठाण्यापासून रेल्वे स्टेशनपर्यंत सगळ्या गॅरेजवाल्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा तीच लिहितो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी हे हसत लिहीत नाहीये. मला अजून राग आहे. थोडा स्वतःवर, बाकी सगळा इतरांवर.

मी पाचोडचा. नाव एकनाथ, पण धंद्यात सगळे नाथा मिस्त्री म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात पावडर कोटिंगला गेली. म्हणजे असं की, लोखंडाच्या भागांवर रंगाची कोरडी पूड उडवायची आणि ते आकड्यांना टांगून भट्टीत सोडायचे. आत ती पूड वितळते, पसरते आणि लोखंडाला अशी धरते की हातोडा मारला तरी निघायची नाही. तिथं उष्णता हाच देव. रंग कच्चा राहिला? वाढव उष्णता. चमक नाही आली? वाढव उष्णता. बायको रागावली तरी माझ्या मनात आधी काटा वाढवायचाच विचार यायचा. तिशी-चाळिशीत अंगात मुरलेली सवय पन्नाशीनंतर जात नसते. ती अक्कल वाटायला लागते.

कारखाना सुटल्यावर मला प्रवीणशेठनं बोलावलं. त्याचं चिकलठाण्याकडं गाड्यांचं गॅरेज, आणि त्यानं नवीकोरी रंगाची भट्टी आणली होती. खोलीएवढी, काचेच्या दारांची. आत गाडी घालायची, रंग मारायचा, दार लावायचं आणि डिझेलच्या बर्नरची गरम हवा सोडायची. जो रंग वाळायला बाहेर दिवस घेतो तो आत चहा होईस्तोवर कडक. शेठला भट्टी चालवणारा जाणकार पाहिजे होता, आणि मी तर भट्टीतच म्हातारा झालेलो. गॅरेजवर ठळक पाटी लागली : 'येथे प्रत्येक काम भट्टीत पक्के केले जाते.' ती पाटी मीच रंगवली. 'प्रत्येक' हा शब्द लाल केला होता, तोही मीच.

आता युरेथेन म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडीवाल्यांनासुद्धा ते माहीत नसतं. हौशी लोक गाडीला कंपनीचा बंपर काढून दुसरा बसवतात, खाली ओठासारखी पट्टी लावतात, दोन्ही बाजूंना झालर, मागं पंख. हा सगळा माल बहुतेक वेळा फायबरचा असतो. फायबर म्हणजे पापड, ठोकर लागली की तुकडे. आणि आमच्या शहरात ठोकर न लागता गाडी चालवायची म्हणजे ती डोक्यावर घेऊन चालावं लागेल. इथं ज्याच्या घरापुढनं रस्ता जातो तो स्वतःला बांधकाम खातं समजतो. उरलेला माल दिसला, टाक गतिरोधक. ना रंग, ना पाटी, उंची अशी की म्हैस अडखळावी. म्हणून जाणता माणूस युरेथेन घेतो. ते चिवट असतं, दाबलं तर दबतं, सोडलं तर परत येतं. जमिनीला घासलं तर खरचटतं, फुटत नाही.

पण त्याला उष्णता सोसत नाही. लोखंड जिथं अंग शेकत बसतं तिथं हे मऊ पडतं, आणि मऊ पडलं की स्वतःच्याच वजनानं लोंबतं. लोंबलेलं तसंच गार झालं की तोच त्याचा आकार. एवढीच गोष्ट. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

मंगेश वैजापूरचा, कांद्याचा अडत्या. मार्केट यार्डात दिवसभर गोण्यांमागं घसा फोडायचा आणि उरलेला जीव एका जुन्या जपानी गाडीत. ती गाडी त्यानं कुणाच्या तरी गोठ्यातनं उचलून आणली होती आणि एकेक भाग जमवून उभी केली होती. शेवटचा राहिला होता पुढचा बंपर. तो करणारा परदेशातला कारखानाच बंद पडलेला, साचा मोडलेला. कुठनं कुठनं शोधून त्यानं एक मिळवला आणि माझ्या हातात दिला. मी त्याला गडद निळा रंग मारला, वर चमकीचा, म्हणजे पारदर्शक झिलईचा, थर दिला आणि सवयीनं दोन टोकांना दोन आकडे लावून भट्टीत टांगला, लोखंडाचा दरवाजा टांगावा तसा. काटा लोखंडाचाच ठेवला.

दार उघडलं तेव्हा आकड्यांना बंपर नव्हताच. धुऊन वाळत घातलेली चादर होती. मधला भाग जमिनीला टेकलेला, जाळीचे दात एकमेकांत चिकटलेले, आणि रंगावर पुरीवर येतात तसे फोड. सरळ करण्यापलीकडं गेलेला.

मंगेश शिव्या देईल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यानं बंपरला हात लावला, गरम लागला म्हणून मागं घेतला आणि जाऊन टायरांच्या ढिगावर बसला. हबीबभाईनं पाणी नेऊन दिलं. हबीबभाई आमचा डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. हातात हातोडा असला तरी माणूस मऊ. तो माझ्याकडं येऊन हळूच म्हणाला, "नाथाभाई, तुम बोले थे लोहा भून के खाया. आज क्या खाए?"

प्रवीणशेठ मात्र शांत होता, आणि तो शांतपणा मला त्या वेळी मोठेपणा वाटला. तो म्हणाला, "चूक भट्टीची नाही मिस्त्री, तुमचा काटा वर होता. रबराला कोमट ठेवायचं असतं." कोमट! तेव्हापासून या शब्दाचा मला राग येतो. अंघोळीचं पाणी कोमट असतं. तान्ह्या लेकराचं दूध कोमट असतं. भट्टीत कोमट असं काही नसतं. हवा काट्यावर कोमट दिसते आणि गडद रंगाचा माल आतल्या आत तापत राहतो. हे मला कळायला पुढं सहा-सात भंगार बंपर, दोन पंख आणि बायकोचा ओटा खर्ची पडला.

हो, ओटा. लाज गेली होती, तेव्हा म्हटलं आता शिकून तरी घेऊ. भंगारवाल्याकडनं युरेथेनचे तुकडे आणायचो आणि घरी सगळे प्रकार करून बघायचो. उकळत्या पाण्यात बुडव, उन्हात टाक, पंख्याखाली ठेव, मशीननं घास, हातानं घास. मशीननं घासलं तरी ते तापतं आणि वरनं लव आल्यासारखं फुलतं, हे मला आमच्या ओट्यावर कळलं. सुमन, म्हणजे आमची मंडळी, एक दिवस म्हणाली, "जिथं नोकरी करता तिथं जाळून झालं का सगळं? आता माझी भांडी उरली व्हय?"

पण शिकलो. साच्यातनं निघताना त्या मालाला एक तेलकट थर लागलेला असतो. तो आधी साबणाच्या पाण्यानं काढायचा, नाहीतर रंग वर्षभरात सालीसारखा निघतो. मग रंगाच्या आधी गाडीवर बसवून बघायचं, कारण खोक्यात दुमडून आलेला माल सरळ असेलच असं नाही. मग बारीक पॉलिश पेपरनं हातानं घासायचं. मग रंगाला धरून ठेवणारा प्रायमर. रंगात लवचीकपणासाठी एक द्रव मिसळायचा, नाहीतर माल वाकतो, रंग वाकत नाही आणि तडे जातात. थर पातळ द्यायचे, आणि एक थर सुकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टांगायचं नाही. गाडीवर जसा बसतो तसाच घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर, सगळीकडनं आधार देऊन निजवायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. वेळ हीच त्याची भट्टी.

हे मी शेठला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग पाटीचं काय?"

पुढच्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमाराला मंगेश परत आला. टेम्पोत गोधडीत गुंडाळलेला दुसरा बंपर. केरळात एकाकडं तीच गाडी होती, ती त्यानं मोडीत काढली आणि बंपर याला दिला. मंगेश म्हणाला, "मामा, आता जगात दुसरा आसंल तर मला म्हाईत नाय. वैशाखात माझं लगीन हाये. मी याच गाडीत मांडवात जाणार. वडील म्हणतेत, बिनथोबाडाची गाडी दारात आणलीस तर मी वरातीत येत नाय."

मी विचारलं, "अन् तरी माझ्याकडं आलास?"

"नगरच्या एका मिस्त्रीला दाखवला. त्यो म्हणला, काय होत नाय, टाकून जा. मी उचलून आणला. ज्याला काय होत नाय वाटतं त्याच्याकडं कशाला ठिवू? तुम्ही तर भ्यालेले आसाल."

भ्यालेलो होतोच. असा भ्यालो की पहिले चार दिवस त्याला नुसता धुतला. हबीबभाई म्हणाला, "मियाँ, बंपर है, मय्यत नहीं." पण मी घाई केली नाही. सगळं करत करत शेवटच्या चमकीच्या थरापर्यंत आलो आणि मग अडचण समोर आली, वाळवायचा कुठं? गॅरेजचं छप्पर पत्र्याचं. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहिलं की आपणच वाळतो. भट्टी बंद ठेवली तरी अख्खं गॅरेजच भट्टी.

म्हणून मी तो घरी नेला. आमची पुढची खोली जुनी, दगडी भिंतीची, गार. पलंगावर लाकडी घोडी मांडली आणि त्यावर बंपर निजवला. सुमननं दारातनं बघितलं. "आता ह्याला पलंग, अन् आपण?" आपण खाली. तेही चाललं असतं, पण मी कूलर बंद केला. कूलरची हवा ओली; कोवळ्या चमकीवर ती ओल बसली की रंग पांढुरका पडतो, आरशावर तोंडाची वाफ सोडल्यासारखा. तेव्हा ऐन उन्हाळ्यात आमच्या घरात कूलर बंद, पंखा बंद (धूळ उडते), शेजारच्या बायकांना यायला बंदी. सुमन शेजारणीला खिडकीतनं सांगायची, "अवं, यांनी सवत आणलीय. निळी हाये. तिला वारा चालत नाय." मला हसू आलं नाही. मी पंच्यानं घाम पुसत बसलेलो आणि बंपरकडं बघत होतो. काय चमक होती! त्यात खिडकीचे गज मोजता येत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बंपर गॅरेजवर नेला. मंगेशची गाडी तिथंच उभी होती. बसवायला घेतला तर लक्षात आलं, क्लिपा कमी. या क्लिपा म्हणजे प्लॅस्टिकच्या टाचण्या; त्यांच्यावर बंपर गाडीला धरून राहतो. मापात बसतील अशा औरंगपुऱ्यातल्या एकाच दुकानात मिळतात, आणि दुकानदार असा की माप घेऊन गेलं तरी आधी आपल्याला मूर्ख ठरवून मग देतो. मी बंपर मागच्या सावलीत घोडीवर ठेवला, वर चादर टाकली, हबीबभाईला म्हणालो, "इसको कोई हात लगाया तो हात तोडना," आणि गेलो.

हबीबभाईला गिऱ्हाइकाची गाडी बघायला बाहेर जावं लागलं, त्याचा दोष नाही. दोष माझा. मी दुकानदाराशी भांडत बसलो. तो म्हणत होता या क्लिपा त्या गाडीच्या नाहीतच, आणि मला त्याला हरवायचं होतं. हरवलं. वर जिंकल्याच्या आनंदात उसाचा रस प्यालो. एवढ्यात काय होणार, असं स्वतःशी म्हणत. दुसऱ्याच्या तोंडात जे वाक्य मला सहन होत नाही, तेच.

परत आलो तर घोडी रिकामी. चादर घडी करून ठेवलेली. आमच्या गॅरेजात शेठशिवाय कुणी चादर घडी करत नाही. आणि भट्टीचा पंखा चालू होता.

काचेतनं बघितलं. आत कुणा पुढाऱ्याची पांढरी मोठी गाडी रंगून उभी, आणि तिच्या शेजारी दोन स्टुलांवर मंगेशचा बंपर. टोकं स्टुलांवर, मध्ये काहीच नाही. मधला ओठ खाली यायला लागला होता. हळूहळू, झोप लागलेल्या माणसाची मान यावी तसा.

मी दार उघडलं नाही. बर्नरचं बटन शोधलं नाही. मी सरळ भिंतीकडं गेलो आणि गॅरेजचा मेन खटका ओढला. सगळं बंद पडलं. हवा भरायचं मशीन, वेल्डिंग, रेडिओ, शेठच्या केबिनचा एसी. त्या शांततेत मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पाचोडच्या आठवडी बाजारात बैल लाथ मारतो तेव्हा जे बोलतात ते, आणि वर वाळूजच्या तिन्ही शिफ्टमध्ये शिकलेलं.

शेठ बाहेर आला. "मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का? आत साहेबांची गाडी आहे! पंखा थांबला, ओल्या रंगावर धूळ बसली ना!"

"अन् ह्ये काय केलं तुम्ही?"

"काय केलं? पलंगावर वाळवलेलं काम गिऱ्हाइकाच्या हातात देऊ? आपली पाटी काय सांगते? साहेबांच्या गाडीसाठी भट्टी चालूच होती, म्हटलं दोन्ही होतील. आणि कोमटच होती!"

त्या 'कोमट'नं माझा उरलासुरला तोल गेला. मी म्हणालो, "शेठ, तुम्ही एकदा आत उभे राहा. मी कोमट करून दावतो." हे मी हातात स्प्रे गन घेऊन म्हणालो, ती रिकामी होती ही गोष्ट शेठला माहीत नव्हती. तो दोन पावलं मागं सरला आणि मग म्हणाला, "चालते व्हा. तुमचं हे सोनं पण घेऊन जा."

आज त्या प्रसंगाचा मला पश्चात्ताप आहे का? साहेबांच्या गाडीबद्दल आहे. ती गॅरेजातल्या पोरांनी पुन्हा घासून पुन्हा रंगवली, त्यांची मेहनत दुप्पट झाली, आणि ते मला काही बोलले नाहीत म्हणून जास्त वाटतं. शेठबद्दल नाही. चूक करणाऱ्या माणसावर माझा राग नसतो. मी कुठल्या तोंडानं ठेवू? पण एका बंपरची झालेली राख समोर बघून तीच चूल 'जरा मंद' करून परत पेटवणारा माणूस, आणि तीही पाटी खरी ठरावी म्हणून, त्याला मी माफ करणार नाही. त्याला बंपर दिसतच नव्हता. त्याला पाटी दिसत होती. आणि ती पाटी माझ्या हातची, हे आठवलं की मी अजून झोपेत कूस बदलतो.

तेवढ्यात मंगेश आला, हळदीचा. कपाळाला, कानाला पिवळं, गळ्यात टॉवेल. घरच्यांनी सोडू नये अशा अवस्थेत गाडी न्यायला आलेला. त्यानं बंपर बघितला. मी म्हणालो, "मंगेश, शिवी दे."

"जमंल का सांगा," तो म्हणाला.

जमेल का, मला माहीत नव्हतं. मधला ओठ तीन-चार बोटं खाली आलेला, पण रंग शाबूत, फोड नाहीत. लवचीक द्रव घातलेला रंग त्याच्याबरोबर वाकला होता. उकळत्या पाण्याच्या आणि ओट्याच्या प्रयोगांतनं मला एक गोष्ट कळली होती : हा माल उष्णतेनं आकार सोडतो, आणि उष्णतेनंच परत घेतो. आकारात धरून, हळू, सगळीकडनं सारखं तापवलं आणि तसंच गार केलं तर. म्हणजे ज्या उष्णतेला मी वर्षभर शत्रू म्हणून हाकलत होतो तिच्याच पाया पडायचं होतं. भट्टी तर मी मेलो तरी लावणार नव्हतो, आणि लावायची म्हटलं तरी मला आत कोण घेतंय? राहिलं ऊन. ते फुकट होतं आणि भरपूर होतं.

गाडी ढकलत फाटकाबाहेर काढली. रस्त्याच्या कडेला बंपर जागेवर बसवला, नव्या क्लिपा लावल्या. ओठाखाली फळी, फळीवर गोधडीची घडी आणि त्याखाली जॅक. हबीबभाई परत आला होता. तो शेठच्या नजरेआड कुंपणावरनं एकेक वस्तू देत होता, पान्हा, ओली पोती, पाण्याचा माठ. देताना बडबडत होता, "निकाल दिए तो भी औजार हमाराच."

मग मी गाडीपुढं उकिडवा बसलो. तळहात बंपरवर. गडद निळा रंग ऊन पितो. हाताला चटका बसायला लागला की ओलं फडकं फिरवायचं, परत तापू द्यायचं, जॅक केसाएवढा वर घ्यायचा, थांबायचं. जास्त तापला तर गेला. कमी तापला तर ऐकत नाही, आणि जोर केला तर रंगाला तडा. या दोन्हींच्या मधली जागा काट्यावर दिसत नाही, हातालाच लागते. डोक्यावर टॉवेल होता, पण तो मी बंपरच्या एका कोपऱ्यावर टाकला, कारण तो कोपरा आधी तापत होता. मंगेश माझ्या डोक्यावर छत्री धरायला आला. मी ओरडलो, "सावली पाडू नको!" हळदीचा नवरदेव छत्री मिटून बाजूला उभा राहिला. रस्त्यानं जाणारे रिक्षावाले थांबून विचारायचे, "काय झालं, साप निघाला का?"

ऊन उतरायच्या आधी ओठ वर आला. गाडीच्या कडेला कडा जुळली, बोटाला फट लागेना. मी माठातलं पाणी पोत्यांवर ओतलं आणि पोती अंगावर टाकून बंपर गार होईपर्यंत तिथंच बसून राहिलो. उठायला गेलो तर गुडघे उठेनात. मंगेशनं धरून उठवलं, आणि पाया पडला. त्याच्या कपाळाची हळद माझ्या पॅन्टला लागली. मी म्हणालो, "आता ऐक. महिनाभर याला मेण नको, घासणं नको, अन् वर काही चिकटवायचं नाही. रंग अजून कोवळा हाये."

"व्हय मामा. कुणी हात लावणार नाय."

दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन वैजापूरला गेलो. माझं नाक आणि कपाळ उन्हानं सोललेलं, त्यावर तिनं कोरफड चोपडलेली. मंडपाच्या दारातच मला ती गाडी दिसली आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. बंपर दिसत नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूच्या माळा, मध्ये गुलाबाचा बदाम आणि थर्माकोलवर नवरा-नवरीची नावं. आणि हे सगळं चिकटपट्टीनं. रुंद, तपकिरी, खोक्यांना लावतात तसल्या चिकटपट्टीनं. कोवळ्या रंगावर, भर दुपारी!

सजावटवाला निघून गेला होता. मंगेश बोहल्यावर होता, त्याला बोलवायची सोय नव्हती. आत मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता घेऊन तिकडं. मी सुमनच्या हातात पिशवी दिली आणि गाडीपुढं मांडी घातली. चिकटपट्टी वर ओढायची नसते, स्वतःवर उलटी दुमडून, रंगाला लगटून, हळूहळू काढायची असते. एक माळ सुटली, मांडीवर घेतली. दुसरी सुटली, गळ्यात अडकवली, हात मोकळे पाहिजेत म्हणून. खाली रंग ठीक होता, नुसता चिकट डाग. मी पंच्याच्या टोकाला थुंकी लावून तो पुसत होतो आणि सजावटवाल्याच्या सात पिढ्यांचा पुटपुटत उद्धार करत होतो. गुलाबाचा बदाम काखेत घेतला आणि शेवटच्या पट्टीला हात घातला, तेवढ्यात खांद्यावर थाप बसली.

नवरीची आजी होती. हातात अक्षता तशाच, मागं चार बायका. तिनं माझ्या सोललेल्या नाकाकडं बघितलं, गळ्यातल्या माळेकडं बघितलं, काखेतल्या बदामाकडं बघितलं.

"अगं बाई, ह्या वयात फुलं चोरतंय!" ती बायकांना म्हणाली, आणि मग माझ्याकडं वळून, "आरं, मागितली आसती तर कुणी नाय म्हणलं आसतं का तुला?"